चित्र कुठे हवे ते सांगता, फायलीत कसे ठेवावे तेही सांगा

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांची संशोधन केंद्रे, प्रबंध-मार्गदर्शक प्राध्यापक आणि वार्षिकांकांची संपादक मंडळे

विषय : मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फायलीतील चित्रे आणि कॅप्शन (चित्राचा क्रमांक व नाव सांगणारी ओळ) यांबाबतच्या सूचना बदलण्याविषयी

सप्रेम नमस्कार.

बर्डी, महाल, गांधीबाग, धंतोली या भागांत प्रबंधांची आणि वार्षिकांकांची अक्षरजुळणी करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आपल्या सूचनापत्रकांत समास किती, अक्षर किती पॉइंटचे, चित्र पानावर कुठे दिसावे हे सगळे लिहिलेले असते. ते चित्र फायलीत बसवायचे कसे, याबद्दल मात्र अवाक्षर नसते. आमची मागणी तेवढीच आहे : ही पद्धत सूचनापत्रकात लिहा, आणि जिच्यामुळे विद्यार्थी चुकीच्या पद्धतीकडे ढकलला जातो ती एक अट काढून टाका.

आधी त्या अटीबद्दल. ‘चित्र संबंधित मजकुराच्या लगेच खाली, मध्यभागी असावे’ हे वाक्य बहुतेक पत्रकांत सापडते. वाचायला त्यात काही खटकत नाही. आता ए-४ कागद घ्या. वर-खाली एकेक इंच समास सोडला की मजकुराला सुमारे ९.७ इंच उंची उरते. समजा, काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांवरचा प्रबंध आहे आणि डिंक्या रोगाने खोडातून पाझरणाऱ्या डिंकाचा पाच इंच उंचीचा फोटो लावायचा आहे. त्याचा उल्लेख मजकुराच्या सहाव्या इंचावर आला. खाली उरले ३.७ इंच. फोटो तिथे मावणार नाही, तो पुढच्या पानावर जाणार आणि मागे जवळजवळ चार इंचांची पांढरी जागा राहणार. विद्यार्थ्याला पांढरी जागाही चालत नाही, कारण मार्गदर्शक त्यावर लाल गोल करतात. आणि फोटो दूर गेलेलाही चालत नाही, कारण पत्रकात ‘लगेच खाली’ लिहिले आहे. मग तो फोटोवर राइट क्लिक करून ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’ करतो, माऊसने ओढून बसेल तिथे बसवतो, खालच्या मजकुरात आठ-दहा एंटर मारून जागा करतो आणि कॅप्शनसाठी वेगळा टेक्स्ट बॉक्स काढतो. त्या दिवशी पान सुंदर दिसते. दुसऱ्या दिवशी प्रकरण दोनमध्ये एक परिच्छेद वाढला की एंटर पुढे सरकतात, फोटो मजकुरावर बसतो आणि टेक्स्ट बॉक्स तिसरीकडेच लटकतो.

म्हणून अट अशी असावी : ‘चित्र उल्लेखाच्या त्याच किंवा पुढच्या पानावर असावे आणि मजकुरात त्याचा उल्लेख क्रमांकाने असावा.’ ‘खालील चित्रात दिसते की’ याऐवजी ‘आकृती ३.२ मध्ये दिसते की’ असे लिहिले की चित्र पानाच्या माथ्यावर असो वा तळाशी, वाचकाचे काही अडत नाही. पांढरी जागा भरायची असेल तर चित्रानंतरचा एखादा परिच्छेद उचलून चित्राच्या आधी टाकायचा. त्यासाठी माऊसची ओढाताण लागत नाही. छापील विज्ञान-नियतकालिकांत चित्रे पानाच्या वर किंवा खाली लावण्याचीच रीत आहे. प्रबंधाला तिचे वावडे असण्याचे कारण नाही.

आता चित्र जागेवरून का पळते, ते नीट पाहू. मार्गदर्शकांनाही हे माहीत असणे गरजेचे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

वर्डमध्ये चित्र दोनच प्रकारे राहू शकते. पहिला प्रकार ‘इन लाइन विथ टेक्स्ट’. यात चित्र म्हणजे ओळीतले एक मोठे अक्षर. त्याच्याआधी मजकूर वाढला तर ते पुढे सरकते, कमी झाला तर मागे येते, त्याचा परिच्छेद कापून दुसरीकडे चिकटवला तर सोबत जाते. दुसरा प्रकार म्हणजे तरंगते चित्र. स्क्वेअर, टाइट, थ्रू, टॉप अँड बॉटम, बिहाइंड टेक्स्ट, इन फ्रंट ऑफ टेक्स्ट हे सहाही पर्याय तरंगत्या चित्राचेच. फरक इतकाच की मजकूर त्याच्याभोवतून जातो, वर-खाली थांबतो की आरपार जातो.

तरंगते चित्र मोकळे फिरत असते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. प्रत्येक तरंगते चित्र कोणत्या ना कोणत्या परिच्छेदाला अँकरने बांधलेले असते. चित्रावर क्लिक केल्यावर समासात दिसणारी नांगराची खूण ती हीच. नेहमी दिसावी असे वाटत असेल तर फाईल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथे जाऊन ‘ऑब्जेक्ट अँकर्स’वर टिक करावी. नियम साधा आहे : अँकर ज्या परिच्छेदाला, तो परिच्छेद ज्या पानावर, त्याच पानावर चित्र. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की चित्रही जाणार. परिच्छेद डिलीट केला तर चित्रही डिलीट. ‘काल होता, आज फोटोच गायब’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच निघते : मार्गदर्शकांनी एक परिच्छेद खोडायला सांगितला आणि त्याच पानाच्या माथ्यावरचे चित्र त्या परिच्छेदाला बांधलेले होते. आणखी एक गोष्ट. चित्र माऊसने ओढले की अँकरही गुपचूप जवळच्या दुसऱ्या परिच्छेदावर जातो. दहा वेळा ओढलेल्या चित्राचा अँकर कुठे आहे, हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

इथे दोन पर्याय हमखास फसवतात. ‘फिक्स पोझिशन ऑन पेज’ निवडले की चित्र त्या पानावर खिळले, असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात चित्राची उभी जागा परिच्छेदाऐवजी पानापासून मोजली जाते, एवढाच बदल होतो. पान कोणते, हे अजूनही अँकरच ठरवतो. त्यामुळे परिच्छेद ४१ वरून ४२ वर गेला की चित्र ४२ व्या पानावर बरोबर त्याच उंचीवर जाऊन बसते, तिथे आधीच तक्ता असला तरी. दुसरा ‘लॉक अँकर’. त्याने चित्र हलायचे थांबत नाही; चित्र ओढताना अँकर दुसऱ्या परिच्छेदावर जात नाही, इतकेच. दोन्ही पर्याय उपयोगाचे आहेत, पण ते काय करतात हे ठाऊक असेल तरच.

प्रबंधासाठी आमचे मत स्पष्ट आहे : शंभरातली पंच्याण्णव चित्रे इन लाइन, स्वतःच्या वेगळ्या परिच्छेदात असावीत. चित्र चिकटवताना ते आपोआप इन लाइन यावे म्हणून फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे ‘कट, कॉपी अँड पेस्ट’च्या भागात ‘इन्सर्ट/पेस्ट पिक्चर्स ॲज’ समोर ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवावे. सूचनापत्रकासोबत केंद्राने एक कोरी टेम्प्लेट फाईल द्यावी आणि तिच्यात तीन स्टाइल (नाव देऊन साठवलेली परिच्छेदाची मांडणी) आधीच करून ठेवाव्यात.

‘चित्र’ ही पहिली स्टाइल. अलाइनमेंट सेंटर, ओळींचे अंतर सिंगल, फर्स्ट लाइन इंडेंट शून्य, वर १२ पॉइंट, खाली ६ पॉइंट, आणि ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’मध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’वर टिक. यातली प्रत्येक गोष्ट कारणाने आहे. मजकुराच्या परिच्छेदाला अर्धा इंच फर्स्ट लाइन इंडेंट असतो. तो चित्राच्या परिच्छेदातही राहिला तर सेंटर केलेले चित्र पाव इंच उजवीकडे सरकलेले दिसते. मग विद्यार्थी स्पेसबार मारून ते मधोमध आणत बसतो. ‘कीप विथ नेक्स्ट’ नसेल तर चित्र पानाच्या तळाशी आणि कॅप्शन पुढच्या पानाच्या माथ्यावर, अशी ताटातूट होते.

सिंगल अंतराबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण मराठी फायलींत हा घोळ फार होतो. मंगलसारख्या फॉन्टमध्ये मात्रा-वेलांट्यांसाठी वर-खाली बरीच जागा धरलेली असते, त्यामुळे ओळी विरळ दिसतात. त्या जवळ आणायला ‘एक्झॅक्टली १८ पॉइंट’ किंवा ‘एक्झॅक्टली २० पॉइंट’ असे अंतर ठेवायची पद्धत पडली आहे. मजकुराला ते शोभते. पण इन लाइन चित्र ओळीतले अक्षर असते आणि ओळीची उंची तर १८ पॉइंटला बांधलेली. परिणामी पाच इंचांच्या फोटोची जेमतेम पाव इंचाची पट्टी दिसते, बाकीचा झाकला जातो. फाईल बिघडली, फोटो करप्ट झाला असे समजून लोक तो पुन्हा पुन्हा चिकटवतात किंवा कंटाळून तरंगता करतात. उपाय दोन क्लिकचा आहे : चित्राच्या परिच्छेदात कर्सर ठेवा, लाइन स्पेसिंग सिंगल करा. फोटो पूर्ण दिसतो.

दुसरी स्टाइल ‘कॅप्शन’. ती वर्डमध्ये असतेच, पण मराठीसाठी जशीच्या तशी चालत नाही. अलीकडच्या अनेक आवृत्त्यांत ती लहान, तिरकी आणि निळसर येते. देवनागरी फॉन्टना बहुधा खरा तिरका वाण नसतो. वर्ड सरळ अक्षरच ढकलून तिरपे करते आणि शिरोरेषेशी काने, वेलांट्या बेढब दिसतात. म्हणून कॅप्शन सरळ ठेवावे, मजकुराहून दीड-दोन पॉइंट लहान. स्टाइल बदलताना मॉडिफाय, फॉर्मॅट, फॉन्ट या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा विभाग असतो. देवनागरीचा फॉन्ट, आकार आणि तिरकेपणा तिथून ठरतो. वरच्या लॅटिनच्या विभागात कितीही बदल केले तरी मराठी अक्षरावर ढिम्म परिणाम होत नाही. ‘साइज बदलला तरी बदलत नाही’ म्हणून लोक हैराण होतात ते याच जागी.

कॅप्शन हाताने टाइप करू देऊ नका. चित्र निवडून रेफरन्सेस, ‘इन्सर्ट कॅप्शन’ इथे जावे, ‘न्यू लेबल’मध्ये ‘आकृती’ लिहावे. तक्त्यांसाठी ‘तक्ता’ असे दुसरे लेबल करावे. आकृतीचे कॅप्शन खाली, तक्त्याचे वर. नंबरिंगच्या यादीत देवनागरी आकडे दिसले तर ते निवडावेत, नाहीतर सगळीकडे इंग्रजी आकडे एकसारखे ठेवावेत. प्रकरणागणिक बदल नको. असा घातलेला क्रमांक हे फील्ड असते, म्हणजे तो वर्ड स्वतः मोजून भरते. मध्ये एक आकृती वाढली की कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवडायचे, एफ-९ दाबायचे, पुढचे सगळे क्रमांक दुरुस्त होतात. मजकुरातले ‘आकृती ३.२’ हेही हाताने लिहू नये. रेफरन्सेस, ‘क्रॉस-रेफरन्स’मधून लेबल ‘आकृती’ निवडून ‘ओन्ली लेबल अँड नंबर’ घ्यावे. हाताने लिहिलेले आकडे नेमके व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आधी चुकतात, कारण शेवटच्या दुरुस्तीत एक आकृती वगळली जाते आणि चाळीस ठिकाणचे उल्लेख तसेच राहतात. क्रॉस-रेफरन्स घातलेले असतील आणि मूळ कॅप्शनच पुसले गेले असेल, तर एफ-९ नंतर तिथे ‘एरर, रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असे ठळक येते. घाबरू नका, उलट चूक छापण्याआधी सापडली. त्या जागी नवा क्रॉस-रेफरन्स घाला.

प्रकरणाचा क्रमांक कॅप्शनमध्ये हवा असेल (३.२ मधला ३), तर प्रकरणाच्या शीर्षकाला हेडिंग १ स्टाइल आणि वर्डचेच मल्टिलेव्हल नंबरिंग असले पाहिजे. ‘प्रकरण ३’ हाताने टाइप केले असेल तर वर्डला त्यातला ३ कळत नाही आणि कॅप्शनमध्ये शून्य येते.

तिसरी स्टाइल ‘स्रोत’. फोटो कोणी काढला, आकडे कुठून घेतले, ही माहिती कॅप्शनच्याच परिच्छेदात लिहिली तर ‘आकृत्यांची सूची’ तयार करताना तीही सूचीत घुसते आणि एकेक नोंद तीन ओळींची होते. म्हणून कॅप्शन एक परिच्छेद, स्रोत त्याच्याखाली दुसरा परिच्छेद, आणि कॅप्शनलाही ‘कीप विथ नेक्स्ट’. याच कारणाने चित्र आणि कॅप्शन शिफ्ट-एंटरने एकाच परिच्छेदात जोडू नये. सूची त्या क्रमांकाचा अख्खा परिच्छेद उचलते. चित्र त्यातच असेल तर सूचीच्या पानावर फोटोच अवतरतो.

शेजारी शेजारी दोन चित्रे हवी असतील, निरोगी पान आणि रोगट पान अशी तुलना असेल, तर दोन स्तंभ आणि दोन ओळींचा बिनरेषांचा तक्ता घ्यावा. वरच्या ओळीत इन लाइन चित्रे, खालच्या ओळीत कॅप्शन. टेबल प्रॉपर्टीजमध्ये, रो या भागात ‘अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ची टिक काढावी, आणि टेबलच्या ऑप्शन्समधली ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स’चीही, नाहीतर मोठा फोटो टाकताच एक स्तंभ फुगून दुसरा चिरडला जातो. वरच्या ओळीला ‘कीप विथ नेक्स्ट’ द्यायला विसरू नये.

आडवा नकाशा असेल तर त्याच्या आधी आणि नंतर ‘नेक्स्ट पेज’ सेक्शन ब्रेक देऊन तेवढेच पान लँडस्केप करावे.

आता वार्षिकांकांकडे येऊ. तिथे मजकूर चित्राच्या बाजूने वाहावा ही अपेक्षा रास्त आहे. झिरो माइलच्या स्तंभावरचा किंवा अजब बंगल्यातल्या (मध्यवर्ती संग्रहालयातल्या) मूर्तींवरचा लेख नुसत्या एकाखाली एक चित्रांनी रुक्ष दिसेल. तरीही जागेचे गणित आधी करावे. ए-४ ची रुंदी ८.२७ इंच. डावीकडे दीड आणि उजवीकडे एक इंच समास सोडल्यावर ५.७७ इंच मजकूर. तीन इंचांचा फोटो उजवीकडे लावला आणि मध्ये ०.१३ इंच जागा सोडली की मजकुराला सुमारे २.६ इंच उरतात. त्यात मराठीचे चार-पाच शब्द बसतात. ‘महाविद्यालयांमधल्या’, ‘विद्यार्थ्यांच्यासाठीचा’ असे लांब शब्द आपल्या भाषेत पावलोपावली येतात आणि वर्डच्या फायलीत ते सहसा ओळीच्या शेवटी तोडले जात नाहीत. अशा अरुंद पट्टीत मजकूर जस्टिफाय केला, म्हणजे दोन्ही कडांना सरळ केला, की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. म्हणून बाजूची पट्टी तीन इंचांहून कमी होत असेल तर फोटो लहान करा किंवा सरळ ‘टॉप अँड बॉटम’ घ्या. आणि अरुंद पट्टी टाळताच येत नसेल तर तेवढे परिच्छेद डावीकडून सरळ ठेवा, जस्टिफाय नको. बाजूला साधारण इंचाहून कमी जागा उरली तर वर्ड तिथे मजकूर घालतच नाही. मधोमध ठेवलेल्या स्क्वेअर चित्राच्या दोन्ही बाजूंना मजकूर जाऊ देणे तर कधीच करू नये. वाचकाला ओळ चित्राच्या पलीकडून पुढे वाचायची की खाली उतरायची, हे कळत नाही.

‘टाइट’ हा पर्याय पार्श्वभूमी कापलेल्या चित्रांसाठी आहे. कापलेल्या संत्र्याभोवती मजकूर गोल वळवता येतो, ‘एडिट रॅप पॉइंट्स’ने रेषा हवी तशी ओढता येते. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर एखाद्या ठिकाणी छान दिसते. प्रत्येक लेखात नको. ‘थ्रू’ची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. ‘बिहाइंड टेक्स्ट’ फक्त फिकट वॉटरमार्कसाठी. फोटो असा मागे गेला की माऊसने पकडताही येत नाही. त्यासाठी आल्ट आणि एफ-१० दाबून सिलेक्शन पेन उघडावे आणि यादीतून निवडावा.

चित्र आणि मजकूर यांच्यातली जागा ‘मोअर लेआउट ऑप्शन्स’मधल्या टेक्स्ट रॅपिंगमध्ये असते. तिथे डावी-उजवी बाजू बहुधा ०.१३ इंच आणि वर-खाली शून्य असते. इंग्रजीला शून्य खपून जाते. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी चित्राच्या कडेला टेकते. वर-खालीही किमान ०.१ इंच द्या.

आणि वार्षिकांकातले सर्वांत मोठे दुखणे : तरंगत्या फोटोची फोटोओळ. तरंगत्या चित्राला ‘इन्सर्ट कॅप्शन’ केले की वर्ड कॅप्शन टेक्स्ट बॉक्समध्ये घालते. म्हणजे आता दोन तरंगत्या वस्तू झाल्या, दोघींचे अँकर वेगळे असू शकतात, दोघी वेगवेगळ्या पळू शकतात. शिवाय कंट्रोल-ए आणि एफ-९ ने टेक्स्ट बॉक्सच्या आतले क्रमांक बदलत नाहीत, आणि आकृत्यांच्या सूचीतून अशी कॅप्शन अनेकदा सुटतात. किमान उपाय म्हणजे दोन्ही शिफ्ट धरून निवडायचे आणि ग्रुप करायचे. आमच्या मते त्याहून चांगले दोन मार्ग आहेत.

पहिला, वरच्यासारखाच एक स्तंभ-दोन ओळींचा तक्ता करून त्याच्या टेबल प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट रॅपिंग ‘अराउंड’ करायचे. चित्र आत इन लाइनच राहते, फोटोओळ खालच्या घरात, आणि मजकूर तक्त्याभोवती वाहतो. दुसरा मार्ग वर्डच्या जुन्या ‘फ्रेम’चा. फार थोड्यांना तो ठाऊक आहे, पण तोच सर्वांत भक्कम. एक स्टाइल करा, मॉडिफायमध्ये फॉर्मॅट, फ्रेम उघडा. टेक्स्ट रॅपिंग ‘अराउंड’, रुंदी ‘एक्झॅक्टली’ २.५ इंच, आडवी जागा ‘राइट’, कॉलमच्या संदर्भाने. उभी जागा शून्य, पॅराग्राफच्या संदर्भाने. मजकुरापासून अंतर ०.१५ इंच, ‘मूव्ह विथ टेक्स्ट’वर टिक. चित्राच्या परिच्छेदाला एक आणि फोटोओळीच्या परिच्छेदाला दुसरी अशा दोन स्टाइल करा, पण दोन्हींत फ्रेमचे आकडे तंतोतंत सारखे ठेवा. लागोपाठच्या परिच्छेदांची फ्रेम सारखी असली की वर्ड त्यांना एकाच चौकटीत बसवते. चित्र आत इन लाइन, फोटोओळ त्याला चिकटून, आणि आकृत्यांची सूचीही बिनचूक, कारण फ्रेममधला मजकूर वर्डसाठी मुख्य मजकुराचाच भाग असतो.

लिबर ऑफिस वापरणाऱ्यांचे काम इथे सोपे आहे. त्यातल्या रायटरमध्ये चित्रावर राइट क्लिक करून कॅप्शन घातले की चित्र आणि कॅप्शन दोन्ही आपोआप एका फ्रेममध्ये जातात. फक्त फ्रेमचा अँकर ‘टू पेज’ ठेवू नये, मजकूर सरकला तरी चित्र त्याच पानावर अडून राहते. ‘टू पॅराग्राफ’ किंवा ‘ॲज कॅरेक्टर’ ठेवावा. गूगल डॉक्समध्ये ‘इन लाइन’ आणि तक्ता, एवढ्यावरच भागवावे.

संपादक मंडळांना आणखी एक विनंती. छपाईसाठी अंक इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लागणार असेल तर वर्डमध्ये चित्रांभोवती मजकूर वळवण्याची मेहनत घेऊच नका. ती सगळी फेकून द्यावी लागते. मजकुरात ‘[फोटो ४ इथे]’ अशी ओळ, खाली फोटोओळ, आणि मूळ फोटो त्याच क्रमांकाच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये, एवढे पुरे. वर्ड आपल्या सोयीने फोटो लहान करते. ते टाळायला ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘इमेज साइज अँड क्वालिटी’खाली ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाईल’वर टिक हवी. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात : आठ सेंटिमीटर रुंद फोटोला सुमारे ९४५ पिक्सेल, मजकुराच्या पूर्ण रुंदीच्या ५.७७ इंचांना सुमारे १,७३०. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो; तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मूळ फोटो हरवला असेल आणि फक्त वर्डची फाईल हाती असेल, तर तिची एक प्रत करून नावातले शेवटचे डॉकएक्स बदलून झिप करा आणि उघडा. आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया फोल्डर असतो, त्यात सगळी चित्रे सुटी मिळतात.

फॉन्टचाही चित्रांशी संबंध आहे. घरी बनवलेली फाईल कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला की दुसरा फॉन्ट लागतो, ओळींची उंची बदलते, पानांची संख्या बदलते आणि चित्रे सरकतात. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल’ करावे आणि सोबत पीडीएफही द्यावी. जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरांची संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलींत लेबलची चौकट ‘आकृती’ऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दाखवते, क्रॉस-रेफरन्सची यादीही तशीच येते आणि कोणती आकृती कोणती हे ओळखता येत नाही. नव्या प्रबंधांना युनिकोड सक्तीचे करा.

दृष्टिहीन विद्यार्थी आणि वाचकांसाठीही इन लाइन चित्र बरे पडते. स्क्रीन रीडर ते मजकुराच्या क्रमाने वाचतो, तरंगती चित्रे बऱ्याचदा क्रमाबाहेर जातात. चित्रावर राइट क्लिक करून आल्ट टेक्स्टमध्ये एक-दोन वाक्यांत चित्रात काय आहे ते लिहावे, हे सूचनापत्रकात आले तर फार चांगले होईल.

शेवटची मागणी तपासणीची. प्रबंधाची कच्ची प्रत स्वीकारताना कागद पाहू नका, फाईल पाहा. तिची एक प्रत करून उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबून छुप्या खुणा दाखवा. चित्रांच्या आसपास एंटरच्या खुणांची रांग दिसली की ओळखावे. मग पहिल्या प्रकरणाच्या आरंभी दहा-बारा ओळी कोणताही मजकूर चिकटवा आणि फाईल शेवटपर्यंत सरकवत जा. चित्र मजकुरावर चढले, कॅप्शन सुटले, पान अर्धे रिकामे राहिले, तर ते लगेच दिसते. त्यानंतर कंट्रोल-ए, एफ-९ करून ‘एरर’ हा शब्द शोधा. अडीचशे पानांच्या प्रबंधालाही याला चहा संपेपर्यंतचाच वेळ लागतो. फाईल यात उतरली नाही तर ती बाइंडिंगआधी, विद्यार्थ्याच्या हातात वेळ असतानाच परत द्या. आणि येत्या सत्राच्या सूचनापत्रकात या तीन स्टाइलची टेम्प्लेट जोडा. ती तयार करून हवी असल्यास आम्ही विनामूल्य करून देऊ.

कळावे,

आपले,
नागपुरातील काही अक्षरजुळणीकार